तिबियसचं डोकं

महामातेच्या उत्सवाचा पहिला दिवस

आमचे ग्रीक गुरुजी म्हणतात, रोज चार ओळी लिहिल्या की माणसाचं मन स्वच्छ राहतं. माझं मन स्वच्छ आहेच, पण आज लिहायला विषय आहे म्हणून लिहितो. मेणाच्या या पाट्या माझ्या पेटीत राहतील.

आज टेकडीवर देवीच्या देवळासमोर नाटक झालं. हसून हसून पोट दुखायला लागलं. गोष्ट नेहमीचीच. अथेन्समधला एक खडूस म्हातारा, त्याचा प्रेमात पडलेला मुलगा आणि त्या मुलाचा गुलाम. मुलाला रडण्यापलीकडे काही जमत नाही. सगळं डोकं गुलामाचं. तो थाप मारून म्हाताऱ्याला गावाबाहेर धाडतो, मुलाची आणि पोरीची गाठ घालून देतो, आणि म्हातारा परत येऊन काठी उगारतो तेव्हा टुणकन उडी मारून वेदीवर जाऊन बसतो. वेदीवर बसलेल्याला हात लावायचा नाही. तिथं पाय हलवत बसून तो म्हाताऱ्याची अशी काही खेचतो की शेवटी म्हातारासुद्धा हसतो, माफ करतो आणि सगळे जेवायला आत जातात.

या उत्सवात गुलामांना आत बसायची मनाई आहे. तिबियस बाहेर माझी शाल सांभाळत उभा होता. परत येताना रस्ताभर मी त्याला सगळं नाटक सोंगासकट करून दाखवलं. तिबियस माझ्या जन्माआधीपासून घरात आहे. आई गेली तेव्हा मी त्याच्याच मांडीवर होतो म्हणतात. तो मूळचा फ्रिजियाचा, आणि ही महामाताही तिकडूनच आणलेली, म्हणजे खरं तर उत्सव त्याच्याच देवीचा. वेदीचं ऐकून त्यानं विचारलं, खरंच कुणी हात लावत नाही का. त्यांच्या मुलखातही देवळात शिरलेल्या माणसाला राजासुद्धा ओढून काढत नसे, असं त्याला लहानपणचं आठवतं. मग थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "दुसऱ्या दिवशी काय झालं त्या माणसाचं?"

मी म्हटलं, "कुठला दुसरा दिवस? नाटक संपलं की."

हल्ली तो कमीच बोलतो. कारण मला ठाऊक आहे. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी बाबा त्याला न्यायाधीशासमोर नेऊन मोकळा करणार आहेत. तसा शब्दच दिलाय. न्यायाधीशाच्या माणसानं खांद्याला काठी लावायची, बाबांनी त्याला एक गिरकी देऊन हात सोडायचा, झाला तो स्वतंत्र. स्वयंपाकघरातल्या थ्रात्ताला तो बायको मानतो. पुढेमागे तिलाही सोडवायचं त्याच्या मनात आहे. मला आनंदच आहे. फक्त सकाळी माझ्या चपला कोण शोधून देणार, हा प्रश्न आहे.

उत्सवाचा तिसरा दिवस

नेब्रिसचा मालक तिला कापुआला घेऊन चाललाय. या महिन्यातच. कायमचा.

नेब्रिस मेजवान्यांमध्ये बासरी वाजवते. तिच्याशिवाय मी जगू शकणार नाही. हे बाबांना सांगायची सोय नाही, कारण बाबांना बासरी म्हणजे डुकराची किंकाळी वाटते आणि बासरीवाल्या पोरी म्हणजे घराला लागलेली वाळवी. मला फार काही नको. दोन-तीन दिवस ती आमच्या घरी हवी, आमच्याच अंगणात, डोक्याला फुलांच्या माळा, समोर दारू, कुणी विचारणारं नको. मग जाऊ दे तिला कापुआला, मी मरायला मोकळा.

तिबियसला सांगितलं. तो दिव्यांच्या वाती कातरत होता. त्यानं वरही पाहिलं नाही. म्हणाला, "धाकले धनी, मे महिना उजाडेपर्यंत मला भिंत समजा. भिंतीला दिसत नाही, ऐकू येत नाही."

मला राग आला. मी काय मागितलं त्याच्याकडे? जरा डोकं चालवायला सांगितलं. इतकी वर्षं आमच्या घरचं खाल्लं, आणि सुटकेचा वारा लागला तर हा लगेच परका झाला. जेवलो नाही. नंतर भूक लागली म्हणून जेवलो.

उत्सवाचा पाचवा दिवस

जमलं!

सकाळी त्याला गमतीत म्हटलं, चुलीजवळच्या देवाचा हात बाबांना दाखवू का? गेल्या हिवाळ्यात थ्रात्ताच्या हातून घरदेवाची मूर्ती पडली आणि देवाचा हात तुटला. तिबियसनं तो मेणानं चिकटवला. मी पाहिलं होतं, पण मी काय चहाडखोर आहे? कुणाला बोललो नाही. देवाची मूर्ती फोडणाऱ्या बाईचं बाबा काय करतील ते सांगायला नको. तिबियसच्या हातातली बादली खाली ठेवली गेली. त्याच्या ओठांचा रंगच गेला. त्याला थट्टा कळत नाही, हे त्याचं जुनंच आहे.

"तुम्ही तसं करणार नाही," तो म्हणाला.

"नाही करणार रे. तू एवढं काम कर, मला ते आठवणारही नाही."

तो म्हणाला, "काय करायचं ते सांगा."

मी त्याला मिठीच मारली. मग नाटकातली युक्ती सांगितली. बाबांना सांगायचं, लानुवियमच्या शेतावर बैलांना रोग आलाय. बैल म्हणजे बाबांचा जीव की प्राण, ते तसेच उठून जातील. जायला एक दिवस, बैलांपाशी बसायला चार दिवस. आणि ही बातमी तिबियसनं सांगायची, कारण बाबांचा विश्वास आहे तो त्याच्यावर. माझ्यावर नाही.

त्यानं शंका काढायला सुरुवात केली. बैल धडधाकट दिसले की काय? मी म्हटलं, मग रोग बरा झाला, देवाची कृपा. निरोप कुणी आणला असं विचारलं तर? वाटसरूनं. वाटसरूला आपलं घर कसं सापडलं? मी वैतागलो.

"हे सगळं तू बघ ना. डोकं तुझं आहे."

तो म्हणाला, यात त्याचं डोकं अजिबात चालत नाही. नाटकातला गुलामही पहिल्यांदा असंच म्हणतो. मला अगदी बरं वाटलं.

उत्सव संपल्यानंतरचा दुसरा दिवस

बाबा आज उजाडताच गेले. खेचरावर मीठ, तमालपत्र, लसूण, जुनी दारू, बैलांना पाजायचं सगळं लादून. त्यांचा गुडघा सुजलेला आहे, तरी गेले. निघताना त्यांनी तिबियसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं वेळेवर सांगितलंस. तू गेल्यावर असं कोण सांगणार?"

तिबियस दारातच उभा राहिला. खेचर वळणाआड गेलं तरी उभाच. मी म्हटलं, अरे हस की, छान वठवलंस. तो आत गेला. थ्रात्ता सांगत होती, त्यानं आज लापशीला हात लावला नाही.

मला क्षणभर वाटलं, हे करायला नको होतं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मला काही वाटलंच नाही. पण मग नेब्रिस आली.

त्यानंतरचा दिवस

सुख सुख म्हणतात ते हेच. माळा, दारू, बासरी. नेब्रिस खूप खाते. वाजवताना दोनदा जांभई दिली, पण किती गोड दिली. थ्रात्ताकडून तिनं चीज आणि भाकरी फडक्यात बांधून मागून घेतली, घरी नेण्यासाठी. तिबियस सारखा दाराशी जाऊन रस्ता बघतो. त्याला म्हटलं, अरे बाबा, निदान आजच्या दिवस तरी तोंड सरळ ठेव.

एप्रिल, महिना अर्धा उलटला

चार दिवस लिहिलं नाही. आज लिहितो, कारण कुणाशी बोलायची सोय नाही.

बाबा ठरल्यापेक्षा फार लवकर आले. खेचर लंगडं झालं म्हणून अर्ध्या वाटेपासून चालत, गुडघ्यापर्यंत चिखल. तिबियसनं त्यांना वळणावर पाहिलं आणि धावत अंगणात आला. नेब्रिसनं काही विचारलं नाही. चपला हातात घेतल्या, भाकरीचं गाठोडं काखेला मारलं आणि मागच्या दारानं गेली, जणू रोजच तिच्यावर ही वेळ येते. डोक्यावरची माळ निघेना. तेवढ्यात मला नाटक आठवलं.

मी तिबियसला म्हटलं, "बाहेर जा आणि चौकातल्या वेदीवर बैस."

आमच्या दारासमोर तीन गल्ल्या मिळतात, तिथं गल्लीच्या देवांची वेदी आहे. तो म्हणाला, "खरंच हात लावत नाहीत?"

"मी स्वतः पाहिलंय. जा. मी आहे ना."

तो गेला. मी वर जाऊन डोकं दुखत असल्यासारखा पडून राहिलो, मग खिडकीतून पाहिलं.

बाबा सुरुवातीला शांत होते. म्हणजे खरंच शांत. त्यांनी तिबियसला बसलेलं पाहिलं आणि त्यांना काही कळेना. ते म्हणाले, बैल घोड्यासारखे धडधाकट आहेत. खोटा निरोप का धाडला म्हणून त्यांनी गुराख्याची पाठ सोलून काढली, आणि तो बिचारा मार खाताना शपथा घेत राहिला की त्यानं निरोप धाडलाच नव्हता. तर मग निरोप कुणी आणला?

तिबियसनं पाय वर घेतले.

"खाली उतर आणि घरात चल. घरात बोलू."

मला अजून वाटतं की तो तेव्हाच उतरला असता तर बरं झालं असतं. बाबांचा आवाज तसा होता. पण मीच त्याला सांगितलं होतं ना बसायला. तो वेदीला दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "धनी, मी देवाच्या आश्रयाला आलोय."

समोरचा तांबट आधी हसला. मग त्याची बायको. मग सगळी गल्ली जमली. तांबट बाबांकडे बघून ओरडला, "ओपेल्लियुस, टेकडीवर जायला नको आता! नाटक तुमच्याच दारात आलंय, आणि म्हातारा तुम्हीच!" लोक टाळ्या वाजवायला लागले. बाबांची मान हळूहळू लाल होत गेली ती मी वरून पाहिली.

आता बाबा हसतील, असं मला वाटत होतं. नाटकात म्हातारा इथंच हसतो.

बाबा पुढे झाले, तिबियसचं मनगट धरलं आणि त्याला खाली ओढला. तो सरळ खाली आला. मोठा माणूस आहे, पण त्याला वजनच नसल्यासारखं झालं. बाबा म्हणाले, "हे अथेन्स नाही. तिथले गुलाम वेदीवर बसतात, म्हणून आपण त्यांना हसतो. इथं वेदी देवाची असते, आणि गुलाम बसला तर ती धुवावी लागते."

आणि त्यांनी ती खरोखरच धुवून घेतली. थ्रात्ताकडून.

मला हे माहीतच नव्हतं. माहीत असायला कोण सांगणार? नाटकातली माणसं ग्रीक कपडे घालतात, पण बोलतात आपलीच भाषा. कुठवर त्यांचं आणि कुठून आपलं, हे बघणाऱ्यानं कसं ओळखायचं? तिबियसनं तरी ओळखायला हवं होतं. तो हुशार आहे.

दुसऱ्या दिवशी

बाबांनी जेवताना विचारलं, मला ठाऊक होतं का. मी म्हटलं, माझं डोकं दुखत होतं.

ते म्हणाले, "त्याला चाबकानं विचारून झालंय. गुलाम खरं बोलतो ते तसंच. म्हणतो, सगळं माझ्याच डोक्यातून निघालं. पोरगीही मीच आणली, धाकल्याला नादी लावायला." मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, "तू कोवळा आहेस. मीच चुकलो, तुला त्याच्या हाती सोपवला."

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग लाज वाटली. मग पुन्हा हायसं वाटलं.

पण तिबियसनं असं का सांगितलं? मला वाचवून त्याचा काय फायदा? दुपारभर विचार केला आणि मग उलगडलं. त्याच्या डोक्यात नक्कीच काहीतरी शिजतंय. हे लोक आधी सगळं अंगावर घेतात आणि मग अशी काही पलटी मारतात की बघत राहावं. वाट पाहायला हवी.

बाजाराचा दिवस

दुपारी सगळे झोपले तेव्हा कोठाराशी गेलो. त्याला तिथंच कोंडलंय. दाराच्या फटीतून हाक मारली. उठायला त्याला वेळ लागला. मी विचारलं, "आता पुढे काय ठरवलंयस?"

तो म्हणाला, "घरदेवाचं काही बोललात का, धाकले धनी?"

"छे! मी कशाला बोलू?"

"मग ठीक."

मी पुन्हा विचारलं, युक्ती कोणती, मला सांग, मी मदत करतो. तेव्हा तो फटीच्या अगदी जवळ आला. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"युक्ती नाही. तुम्ही एकदा थोरल्या धन्यांना सांगा, की मी सांगितलं म्हणून त्यानं केलं. एवढंच सांगा. तुमच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. फार तर चार दिवस बोलणार नाहीत. ते मला जात्याला जुंपायला निघालेत."

मी म्हटलं, सांगतो. मनापासून म्हटलं. उद्या सांगतो. आज बाजारात कांद्याला भाव मिळाला नाही म्हणून बाबा चिडलेत.

एप्रिल, अजून आठवडाभर आहे

नाही सांगितलं. आज बाबा फार खुशीत होते, आणि खुशीत असलेल्या माणसाचा दिवस का नासवायचा? काल चिडलेले होते. या दोहोंच्या मधला असा एखादा दिवस यायला हवा.

नाटकमंडळी अजून गावात आहेत असं कळलं, म्हणून त्यांच्या छपरीत गेलो. गुलामाचं काम करणारा तो नट फळ्यांवर पालथा पडून भाकरी आणि कांद्याची पात खात होता. पाठीवर पानं बांधलेली. परवाच्या खेळात एक वाक्य विसरला, म्हणाला, मालकानं आठवण करून दिली. तोही गुलामच आहे, हे मला नवीन होतं. नाटकात तो इतका रुबाबात वावरतो.

त्याला मी सगळं सांगितलं, दुसऱ्याच कुणाच्या घरचं म्हणून. आणि विचारलं, आता त्या गुलामानं काय करावं? त्याच्याजागी तू असतास तर?

तो चावायचा थांबला. "वेदीवर बसला? खऱ्या?" मग त्यानं हातानंच कोपऱ्यातली वेदी दाखवली. "आमची ती बघा. लाकडाची आहे. आतून पोकळ. खेळ झाला की तिच्यात केसांचे टोप भरून ठेवतो."

मी म्हटलं, ते असू दे, पण नाटकात तो सुटतो कसा?

"सुटतो कुठं? म्हातारा म्हणतो, आजच्या दिवस सोडला. आणि मग आम्ही लोकांना टाळ्या वाजवायला सांगतो. दुसरा दिवस आम्ही कधी करतच नाही, धनी. केला तर कोण हसेल?" मग त्यानं विचारलं, "त्या घरचा मुलगा कुठं आहे या सगळ्यात?"

विचित्र प्रश्न. मी म्हटलं, मुलाचं काय, तो घरीच आहे.

"बोलता येतं का त्याला?"

तो माझी थट्टा करत होता असं वाटतं. गुलामांना जरा डोक्यावर घेतलं की असं होतं. येताना मन उदास झालं, का ते कळलं नाही.

एप्रिलचा शेवटचा दिवस

उद्या सांगणार. नक्की. वाक्य पाठ केलंय: बाबा, निरोपाचं खोटं माझं होतं, तिबियसनं माझ्या सांगण्यावरून केलं. कठीण काय आहे त्यात? भिंतीकडे तोंड करून तीनदा म्हणून पाहिलं, तीनदा जमलं.

मे महिन्याचा पहिला दिवस

पहाटेच उठलो. बाबा चुलीपाशी घरदेवांना मीठ आणि पीठ वाहत होते. त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं. बाबा वळून म्हणाले, "काय रे?"

मी म्हटलं, "आज गारठा आहे, नाही?"

ते म्हणाले, "आहे खरा."

थोड्या वेळानं गिरणीवाल्याचा माणूस आला. तिबियसला कोठारातून बाहेर काढलं. उजेडात त्याला डोळे उघडवत नव्हते. मी जिन्यात होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता. आता हा पलटी मारणार. जे काय योजलंय ते आता बाहेर येणार. कुठंतरी मला उत्सुकताही होती, खोटं कशाला लिहू.

काहीच झालं नाही. त्यानं बाबांना वाकून नमस्कार केला आणि त्या माणसामागून चालायला लागला. थ्रात्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडली नाही. तिच्या हातात कांदा होता, तो तिनं सोलून सोलून संपवला.

बाबा घरात येऊन म्हणाले, आज त्याला मोकळा करायचं मनात होतं, आणि खाली बसले. त्यांना वाईट वाटलं. मग मलाही रडू आलं. आम्ही दोघंही रडलो, एका घरात, दोन खोल्यांत.

त्यानं स्वतःला वाचवायला हवं होतं. मी सारखा हाच विचार करतो. इतकं डोकं असून माणूस असा गप्प कसा राहतो?

जून

बाबा न्यायी आहेत, हे सगळी गल्ली कबूल करते. शेतावरच्या गुराख्याला विनाकारण मार बसला, त्याची पाठ अजून नीट भरली नाही. बाबा म्हणाले, माणसाचं नुकसान केलं तर भरपाई करायला हवी, मग तो गुलाम का असेना. म्हणून थ्रात्ता त्याला देऊन टाकली. आज ती लानुवियमला गेली. तिला पाठमोरी जाताना पाहून मला वाटत होतं, काहीतरी बोलावं. पण काय बोलणार?

नवी स्वयंपाकीण डाळ करपवते.

सप्टेंबर, मोठ्या खेळांच्या वेळी

काल बाबा माझ्याबरोबर नाटकाला आले. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच. पुन्हा एक म्हातारा, पुन्हा एक मुलगा, पुन्हा एक लबाड गुलाम. बाबा हसून हसून माझ्या खांद्यावर कोसळले. मीही हसलो. गुलामाचं काम करणारा यावेळी दुसराच होता. तो पहिला कुठं गेला ते कळलं नाही.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. फिलेमातियॉन. ती तंतुवाद्य वाजवते. नेब्रिस तिच्यापुढे काहीच नव्हती, आता तिचा चेहराही नीट आठवत नाही. पण अडचण तीच, बाबा. मला काही सुचेना. तेव्हा आज सरळ गिरणीवर गेलो.

आत पाय टाकताच श्वास कोंडला. सगळीकडे पिठाची धूळ, आणि धुळीत माणसं आणि गाढवं एकाच चालीनं फिरतायत. ओळखायला वेळ लागला. त्याच्या गळ्यात लाकडाची भली मोठी चकती अडकवलेली आहे, हात तोंडापर्यंत जाऊ नये म्हणून, पीठ खाईल या भीतीनं. कपाळ डागलंय. भुवया, पापण्या, सगळं पांढरं. मला पाहून तो थांबला नाही, थांबायची परवानगी नसावी. मी त्याच्याबरोबर जात्याभोवती चालायला लागलो.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, हल्ली बाबा बऱ्या मनःस्थितीत असतात, आता मी सांगणारच आहे त्यांना. तो चालत राहिला. मग मी त्याला फिलेमातियॉनबद्दल सांगितलं आणि म्हटलं, काहीतरी सुचव. एखादीच युक्ती. पूर्वीसारखी.

त्याला ऐकू कमी येतं आता. मला मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं. त्यानं एक फेरा पूर्ण केला. मग म्हणाला, "मला कधीच काही सुचत नव्हतं, धाकले धनी."

जात्यानं माणसाचं डोकं बोथट होतं, हे मला ठाऊक नव्हतं. काय डोकं होतं, आणि काय झालं त्याचं! मी निघायला वळलो, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "थ्रात्ता कशी आहे?"

मी म्हटलं, "मजेत आहे. आमच्याकडेच आहे. रोज तुझी आठवण काढते. बाबा तिला पुढच्या वर्षी मोकळी करणार म्हणतात."

बाबा चारचौघांत सांगतात की खोटं बोलायला मला तिबियसनं शिकवलं. शिकवलं असेलही. पण हे वाक्य माझं मलाच सुचलं, अगदी पटकन, आणि त्याला जराही शंका आली नाही. पांढऱ्या पापण्यांच्या आत त्याचे डोळे भरून आले, आणि तो जोर लावून जातं ओढायला लागला.